आउटबोर्ड इंजिनात कार्बन साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये काय टाकायचं, किती आणि कधी

पुण्याच्या बाजूचं खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी, खाली उजनीचं बॅकवॉटर, या सगळ्या पट्ट्यात ज्यांच्या बोटीला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे त्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो, कुठलं ॲडिटिव्ह टाकू. आणि क्रम तिथेच चुकतो. बाटली आधी येते, इंजिनाला नेमकं काय झालंय ते नंतर बघितलं जातं, मग दोन टाक्या संपल्या तरी धूर तोच, मिसिंग तेच, आणि माणूस म्हणतो ॲडिटिव्ह म्हणजे सगळी फसवणूक. फसवणूक नाहीये. चांगलं ॲडिटिव्ह खरंच काम करतं, पण कार्बन ज्या कारणाने होतोय ते कारण चालू ठेवून वरून कितीही ओतलं तरी उपयोग शून्य. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. बाटली पाचव्या टप्प्यावर येते, त्याच्या आधी नाही.

## आधी हे सामान जवळ ठेवा

प्लगचा पाना, नवीन प्लगचा एक सेट (नंबर मॅन्युअलमध्ये बघूनच, दुकानदाराच्या अंदाजाने नाही), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), काचेची पारदर्शक बरणी, शक्य असेल तर १०० मिलीचा मोजपात्राचा उभा सिलिंडर, मेडिकलमधून सुई नसलेली मोठी सिरिंज, पेट्रोल फिल्टर, मास्किंग टेप आणि मार्कर. सिरिंजचं रबर पेट्रोलने फुगतं, त्यामुळे दोन-तीन आणून ठेवा आणि दर वेळी नवी घ्या.

इंजिनाचं मॅन्युअल नसेल तर मॉडेल नंबरवरून आधी ते मिळवा. पुढे जवळजवळ प्रत्येक टप्प्याला ते लागणार आहे.

सावधान: हे सगळं उघड्यावर करायचं. पार्किंगमध्ये, बेसमेंटमध्ये, बंद शेडमध्ये नाही. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी.

## टप्पा १: साचलंय काय आणि कुठे ते ठरवा

इंजिनात जे काही साचतं त्याला सगळेच कार्बन म्हणतात, पण वेगवेगळ्या जागी वेगवेगळा मळ असतो आणि त्याचं औषधही वेगळं.

पहिला म्हणजे खरा कार्बन. तो पिस्टनच्या डोक्यावर, हेडमध्ये, टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टला आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिंगांच्या खाचेत साचतो. रिंग खाचेत चिकटली की ती मोकळी हलत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि टू स्ट्रोकमध्ये तीच रिंग पुढे पोर्टमध्ये अडकून तुटते. फोर स्ट्रोकमध्ये इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूलाही थर बसतो.

दुसरा म्हणजे डिंकासारखा चिकट पिवळट थर, जो जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये वाळून होतो. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र, आणखी बारीक होतं, आयडलला इंजिन बंद पडतं, चोक लावल्यावर बरं चालतं. हा कार्बन नाही. जेट पूर्ण बुजला असेल तर तो खोलून साफच करावा लागतो, टाकीत टाकलेलं ॲडिटिव्ह तिथपर्यंत पोचतच नाही कारण तिथून पेट्रोलच जात नाहीये.

तिसरी राख. चुकीच्या ऑइलमुळे किंवा काही ऑक्टेन बूस्टरमुळे होणारी कडक खर. हिच्यावर कुठलंच ॲडिटिव्ह नीट चालत नाही, त्यामुळे ती होऊच न देणं हा एकच मार्ग.

## टप्पा २: प्लग वाचा, कॉम्प्रेशन घ्या

प्लग वाचायच्या आधी बोट लोडवर चालवा, दहा एक मिनिटं, आणि थेट बंद करा. धक्क्याला येऊन पाच मिनिटं आयडलला ठेवून मग प्लग काढला तर तो आयडलची काजळी दाखवेल, इंजिनाची खरी तब्येत नाही. ही चूक फार होते.

प्लग काढलात की सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर ओळीत मांडा आणि उजेडात नीट बघा. टोकाचं पांढरं पोर्सिलेन फिकट चॉकलेटी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे किंवा इंजिन गारच चालतंय. काळं आणि ओलं, तेलकट म्हणजे ऑइल जास्त किंवा तो सिलिंडर नीट पेटतच नाहीये. राखाडी पांढरी, नखाने खरवडली तर खडबडीत लागणारी खर म्हणजे ऑइलची राख. विटकरी लाल थर दिसला तर कुणीतरी फेरोसीनवालं ऑक्टेन बूस्टर टाकलंय, ते लोखंडाचं ऑक्साइड आहे आणि ते प्लगवर वीजवाहक थर करतं, मिसिंग त्यामुळेच. सगळे प्लग सारखे आणि एकच वेगळा असेल तर दोष बहुतेक त्या एका सिलिंडरचा, इंधनाचा नाही. तिथे ॲडिटिव्ह शोधत बसू नका, कॉइल आणि त्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर बघा.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत क्रँक करा, प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फेरे. आकडे लिहून ठेवा. सिलिंडर-सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंग चिकटल्याचा किंवा घासल्याचा संशय.

तपासा: हे आकडे कागदावर आहेत का? नसतील तर पुढे ॲडिटिव्हने फरक पडला की नाही हे सांगायला तुमच्याकडे आवाज आणि अंदाज एवढंच उरतं, आणि त्या दोन्हीवर विसंबून मी तरी इंजिन कुणाच्या हाती देणार नाही.

## टप्पा ३: कार्बन होतोय ते कारण बंद करा

हा टप्पा सगळे सोडतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त काम इथेच होतं.

ऑइल. टू स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू ३ (पाण्यावर थंड होणाऱ्या टू स्ट्रोकचा दर्जा) लिहिलेलंच ऑइल लागतं. आपल्याकडे होतं काय, बोट बंद पडते, नाना पेठेत जाऊन टू व्हीलरचं टू टी आणलं जातं, कारण दोन्ही टू स्ट्रोकच ना. नाही. दुचाकीचं इंजिन हवेवर थंड होतं आणि जास्त गरम चालतं, त्याच्या ऑइलमध्ये धातूयुक्त डिटर्जंट असतात आणि ते जळून राख सोडतात. आउटबोर्ड धरणाच्या पाण्यावर थंड होतं, गार चालतं आणि तासनतास एकाच लोडवर राहतं, म्हणून त्याला राख न सोडणारं ऑइल दिलेलं असतं. राख पिस्टनवर बसली की ती लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटवते आणि पिस्टनला भोक पडतं. ॲडिटिव्हने ही चूक भरून निघत नाही.

प्रमाण. ५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, लिटरला २० मिली. २४ लिटरच्या लाल टाकीला ४८० मिली. १००:१ असेल तर निम्मं. इंजिनाला जास्त ऑइल बरं म्हणून अंदाजाने बाटली उपडी करणारे लोक स्वतःच कार्बन तयार करत असतात. रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळवायच्या काळात २५:१ ठेवायला सांगितलं असेल तर ते तेवढ्याच तासांपुरतं, पुढे वर्षभर नाही.

थर्मोस्टॅट. इंजिन गरम होतंय म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो आणि ते मालकाला माहीतही नसतं. मग इंजिन कायम गार, ऑइल आणि पेट्रोल पूर्ण जळत नाही, फोर स्ट्रोकमध्ये तर कच्चं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, ऑइलची पातळी वर चढलेली आहे आणि पेट्रोलचा वास येतोय असं असेल तर आधी ऑइल बदला आणि थर्मोस्टॅट बघा. तपासणं सोपं आहे, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, पाणी तापवा, त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

पंखा, म्हणजे प्रोपेलर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएम रेंजपर्यंत जात नसेल तर पंखा त्याला भारी पडतोय, आणि असं दाबून चालवलेलं इंजिन कार्बन करणारच. इथे आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात घ्या, आपली धरणं समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे ते साडेसहाशे मीटरवर आहेत. तीनशे मीटरला तीन टक्क्यांच्या आसपास ताकद जाते, म्हणजे कोकणात ज्या पंख्यावर बोट छान चालत होती तीच इथे आरपीएमला कमी पडते. मुंबईहून किंवा अलिबागहून सेकंड हँड बोट आणली की पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते माप) आणि कार्ब्युरेटरचं जेट दोन्ही समुद्राच्या हिशोबाचे असतात. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

चालवायची पद्धत. भिगवणला पक्षी दाखवायला नेणाऱ्यांपैकी ज्यांच्या होडीला इंजिन आहे त्यांना हळू चालवावंच लागतं, चालवायलाच पाहिजे, थव्याजवळ इंजिन वाढवणं चूकच. पण मग दिवसभर आयडलच्या जरा वर चालणारं इंजिन कार्बन धरतं. त्यावर उपाय एवढाच, परतताना मोकळ्या पाण्यात, पक्षी आणि मासेमारीची जाळी लांब सोडून, इंजिन गरम असताना काही मिनिटं तीन चतुर्थांश थ्रॉटलला चालवा. हे रोज करा. पेट्रोलही फारसं जास्त लागत नाही आणि रिंगा मोकळ्या राहायला याने खूप मदत होते.

सावधान: वरच्या पाचपैकी एक जरी दोष चालू असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा ४: पेट्रोल तपासा

आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे इ-२०, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा १० टक्के दिलेली आहे. आपलं इंजिन कुठलं आहे, काय चालतं हे मॅन्युअलमध्ये बघा, आणि मर्यादा १० ची असेल तर पंपावर कमी इथेनॉलचं किंवा बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठलं ते विचारा आणि आणल्यावर घरी तपासा, नुसत्या नावावर जाऊ नका.

तपासायची पद्धत अशी. १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये १० मिली पाणी घाला, त्यावर ९० मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवा आणि स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. तो १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेला तर पेट्रोल २० टक्केवालं आहे. प्रयोगशाळेची अचूकता नाही पण आपल्या कामाला पुरते.

इथेनॉलचा खरा त्रास पाण्याचा आहे. ते हवेतली ओल ओढतं, टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही एकत्र खाली बसतात, आणि टाकीची नळी पेट्रोल तळातूनच ओढते. टू स्ट्रोकमध्ये तर त्या खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच, म्हणजे इंजिन बिनऑइलचं फिरतं. बरणीत थोडं पेट्रोल टाकीच्या तळातून काढून उजेडात धरा. दोन थर दिसले किंवा गढूळ दिसलं तर ते पेट्रोल बाद. असं फुटलेलं पेट्रोल परत एकजीव करणारं ॲडिटिव्ह नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. ते धरणात, गटारात, जमिनीवर ओतायचं नाही, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे टाकाऊ ऑइलबरोबर द्या. खडकवासला, पानशेत, वरसगावचं पाणी आपण पितो.

जुने रबरी पाइप आणि प्रायमर बल्ब (पाइपवरचा हाताने दाबायचा फुगा) इथेनॉलने मऊ पडतात, आतून सोलतात. बल्ब दाबून चिकट लागतोय का बघा. तो कचरा फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये जातो आणि लोक त्यालाही कार्बन समजतात.

ऑक्टेनबद्दल एक गोंधळ मिटवून टाकू. अमेरिकन मॅन्युअलमध्ये ८७ ऑक्टेन लिहिलेलं असतं, ते त्यांच्या सरासरीच्या पद्धतीने, आपल्या आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीने ते साधारण ९१ होतं. म्हणजे आपलं साधं पेट्रोल बहुतेक आउटबोर्डला ऑक्टेनच्या हिशोबाने पुरतं. ऑक्टेन बूस्टर कार्बनसाठी घेऊच नका. काहींमध्ये मँगनीज असतं, काहींमध्ये लोखंड, दोन्ही मळ घटवत नाहीत, वाढवतात.

आणि इ-२० ने मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं आणि उंचीने रिच होतं, मग दोन्ही एकमेकांना कापतात असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. प्लग काय सांगतोय ते बघा.

## टप्पा ५: आता ॲडिटिव्ह निवडा

बाटलीच्या समोर काय लिहिलंय ते सोडा, मागे बघा आणि त्या मालाची सेफ्टी डेटा शीट नेटवरून काढून तिसऱ्या भागात घटक वाचा. आपल्याला चार प्रकार ओळखता आले म्हणजे झालं.

पीईए, म्हणजे पॉलीइथरअमाइन. ज्वलनकक्षातला कार्बन काढायला हेच लागतं. ते उष्णतेला टिकतं, पिस्टन आणि हेडपर्यंत पोचून मळ सुटा करतं आणि स्वतः मागे फारसं काही सोडत नाही. कार्बनचा त्रास असेल तर पहिली निवड हीच. शीटमध्ये ते पॉलीऑक्सिअल्किलीन अमाइन अशा काही नावानेही दिसू शकतं, आणि काही कंपन्या गुपित म्हणून नाव देतच नाहीत. अशा वेळी तुमच्या इंजिनाची कंपनी स्वतःचं जे डिपॉझिट क्लीनर विकते ते घ्या, महाग पडलं तरी.

पीआयबीए, म्हणजे पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला चांगलं, पण ज्वलनकक्षात त्याचा उपयोग कमी आणि जास्त प्रमाणात टाकलं तर तिथे उलट थोडा मळ वाढवू शकतं. रिंग चिकटली असेल तर हे नको.

नुसते सॉल्व्हंट. नॅफ्था, हलकं ऑइल, थोडं अल्कोहोल. कार्ब्युरेटरचा हलका डिंक सुटायला बरे, जुन्या घट्ट कार्बनवर पीईएच्या मानाने कमजोर.

स्टॅबिलायझर. पेट्रोल लवकर जुनं होऊ नये म्हणून. हे क्लीनर नाही. बोट महिनाभर उभी राहणार असेल तर लागतं. काही मरीन बाटल्यांमध्ये दोन्ही एकत्र असतात, मग वेगळं टाकायची गरज नाही.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. पाणी घालवणारे अल्कोहोलवाले ड्रायर इ-२० मध्ये टाकू नका, आधीच २० टक्के अल्कोहोल आहे, त्यात आणखी कशाला. रॉकेल, थिनर, डिझेल, ॲसिटोन, हे तर नाहीच नाही. थोडं रॉकेल घातलं की इंजिन साफ होतं ही समजूत अजून जिवंत आहे आणि ती इंजिनं मारते. रॉकेल सावकाश जळतं, ऑक्टेन पाडतं आणि काजळी करतं. रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड वेगळी बनवलेली असतात, तुमचं पेट्रोलचं इंजिन त्यातलं नाही.

कारचं पीईएवालं इंजेक्टर क्लीनर चालतं का? फोर स्ट्रोकला कधीतरी सफाईसाठी, डोस नीट मोजून, चालतं. टू स्ट्रोकला मी मरीनचंच सुचवेन, कारण तिथे तेच मिश्रण इंजिनाला वंगण देतं आणि त्यात अनोळखी सॉल्व्हंट जास्त झालं तर ऑइल पातळ होतं. शिवाय कारची बाटली एका टाकीपुरती असते, रोज टाकायला बनवलेली नसते.

तपासा: एका वेळी एकच क्लीनर. दोन कंपन्यांचे एकत्र टाकून दुप्पट सफाई होत नाही, आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

## टप्पा ६: डोस मिलीमध्ये काढा

एक झाकण, दोन झाकण, हा हिशोब बंद करा. बाहेरच्या मालावर औंस आणि गॅलन लिहिलेलं असतं. अमेरिकन एक फ्लुइड औंस साधारण ३० मिली, अमेरिकन गॅलन ३.८ लिटर.

समजा लेबल म्हणतं दहा गॅलनला एक औंस. म्हणजे ३८ लिटरला ३० मिली, लिटरला साधारण ०.८ मिली, २४ लिटरच्या टाकीला १९ मिली. दुसऱ्या एका बाटलीवर एका गॅलनला एक औंस लिहिलेलं असतं, तिथे त्याच टाकीला १९० मिलीच्या जवळपास. दहापट फरक! जाड पीईएवालं आणि पातळ सॉल्व्हंटवालं यांचे डोस असेच लांब असतात, म्हणून आधीच्या बाटलीचा डोस नव्या बाटलीला लावायचा नाही.

लेबलवर दोन डोस असतात, रोजचा आणि सफाईचा. सफाईचा डोस लेबलवर जितका तितकाच. पीईए जास्त झालं तर न जळलेला भाग फोर स्ट्रोकमध्ये खाली ऑइलमध्ये उतरतो.

प्रीमिक्स इंजिनात, म्हणजे ऑइल टाकीतल्या पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं अशा इंजिनात, ऑइलचं माप वेगळं आणि ॲडिटिव्हचं वेगळं. ॲडिटिव्ह टाकलं म्हणून ऑइल कमी करायचं नाही. काढलेले आकडे मास्किंग टेपवर लिहून टाकीलाच चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी बोटीवर असलेला पोऱ्याही बरोबर टाकेल.

## टप्पा ७: मिसळायचा क्रम

१. टाकी रिकामी आणि आतून कोरडी आहे का बघा. तळाला पाणी किंवा गाळ असेल तर त्यावर नवं पेट्रोल नको.

२. टाकी बोटीतून काढून जमिनीवर ठेवा. बोटीत किंवा पिकअपच्या प्लॅस्टिक लायनरवर ठेवून भरायची नाही, स्टॅटिकची ठिणगी पडते. नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेलं असू द्या.

३. सिरिंजने मोजून आधी ॲडिटिव्ह टाकीत, प्रीमिक्स असेल तर ऑइलही.

४. पाच-सहा लिटर ताजं पेट्रोल, झाकण लावून नीट हलवा.

५. मग बाकीचं पेट्रोल. त्याच्या धारेनेच उरलेलं मिसळतं. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात फुगतं.

उलटं केलं, म्हणजे भरलेल्या टाकीत वरून बाटली ओतली, तर जड द्रव तळाशी जातो आणि पहिली काही मिनिटं इंजिनाला कितीतरी पट डोस मिळतो. इंजिन घुरघुरतं, पांढरा धूर, आणि माणूस घाबरून बाटलीला दोष देतो.

सावधान: हातमोजे घाला. हे रसायन पाण्यातल्या जीवांना विषारी आहे, त्यामुळे मिसळायचं काम घरीच उघड्यावर करा, धक्क्यावर किंवा बोटीत नाही.

## टप्पा ८: सफाईचा डोस पहिल्यांदा देताना

आधी पेट्रोल फिल्टर नवीन लावा आणि एक जादा बरोबर ठेवा. सुटलेला डिंक तिथेच अडकतो. मध्येच ताकद कमी झाली तर पहिला संशय फिल्टरवर.

इंजिन पाण्यात, बोट लोडवर. बागेच्या पाइपवर मफ (पाणी आत घेणाऱ्या छिद्रांवर बसणारे रबरी कप) लावून जोरात रेस करू नका, तिथे लोड नसतो आणि पाण्याच्या पंपातल्या इंपेलरला पाणीही पुरत नाही. निघाल्यावर मागची पाण्याची धार नीट पडतेय हे बघून इंजिन गरम होऊ द्या, मग मध्यम थ्रॉटल, अधूनमधून वर, परत मध्यम. सुरुवातीला धूर जास्त दिसेल, तो चालतो. टकटक आवाज आला किंवा पाण्याची धार थांबली तर लगेच बंद.

टाकी संपली की प्लग काढून बघा. काळे झाले असतील तर नवीन लावा, सफाईनंतर प्लग खराब होणं अपेक्षितच आहे. फोर स्ट्रोक असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. हे बरेच जण सोडतात. ऑइल बदलायची तारीख जवळ आल्यावरच सफाईचा डोस द्यायचा, म्हणजे खर्च दोनदा होत नाही. मग परत कॉम्प्रेशन घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

एक सिलिंडर अजून मागे असेल तर प्लगच्या भोकातून डिकार्ब (कार्बन सोडवणारा) स्प्रे मारून रात्रभर मुरू द्यायचा उपाय आहे. सकाळी प्लग न लावता, भोकांवर फडकं धरून, दोरीने किंवा स्टार्टरने इंजिन फिरवा आणि आतला सगळा द्रव बाहेर काढा.

सावधान: द्रव आत असताना प्लग लावून इंजिन फिरवलं तर पिस्टन द्रवावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फिरवताना चेहरा लांब, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या, ठिणगी नको.

## टप्पा ९: रोजचा वापर आणि बोट उभी राहताना

सफाई झाली की रोजचा डोस प्रत्येक टाकीला. महिन्यातून एकदा मोठा डोस देण्यापेक्षा प्रत्येक टाकीला छोटा डोस कितीतरी चांगला. पीईए साचलेला मळ हळूहळू सोडवतं आणि नवा बसू देत नाही, त्यासाठी ते पेट्रोलमध्ये सतत असावं लागतं.

पावसाळ्यात बोट बंद ठेवणार असाल तर स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच टाका. दोन महिने जुन्या पेट्रोलमध्ये टाकून ते परत ताजं होत नाही. टाकल्यावर इंजिन किमान दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल, नुसतं टाकीत राहून उपयोग नाही. मग शेवटी फॉगिंग ऑइल (आत गंज चढू नये म्हणून फवारायचं) मारून बंद करा. सुटी टाकी असेल तर मी तर सांगेन ती रिकामीच करा. फोर स्ट्रोकचं उरलेलं पेट्रोल कारमध्ये टाकून वापरून टाका, टू स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं मात्र कारमध्ये नाही.

ज्यांच्याकडे पुरासाठी राखून ठेवलेल्या बोटी आहेत त्यांना हे उलट लागू होतं आणि तिथे मला कळकळीने सांगायचंय. अशी इंजिनं आठ-दहा महिने उभी असतात आणि ऐन पावसात पहिल्या ओढीला चालू व्हावी लागतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांना बोटींनीच बाहेर काढावं लागलं. त्या वेळी जेट बुजलेला चालत नाही. अशा बोटींसाठी उन्हाळाभर टाकीत पेट्रोल ठेवूच नका. मे अखेरीला ताजं पेट्रोल, मोजलेलं स्टॅबिलायझर, आणि मग पावसाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला बोट पाण्यात सोडून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत लोडवर चालवायचं. पाच मिनिटं आयडलला घुरघुरवून वहीत टिक करणं हे त्या इंजिनाला न चालवण्यापेक्षा वाईट, कारण त्याने ओल आणि काजळी दोन्ही आत राहतात.

## टप्पा १०: ॲडिटिव्ह कधी थांबवायचं

सफाईच्या डोसच्या दोन टाक्या नीट लोडवर चालवल्या, डिकार्ब स्प्रे मुरवून झाला, आणि तरीही एखादा सिलिंडर १५ टक्क्यांहून जास्त मागे असेल तर तिसरी टाकी ओतू नका. त्या इंजिनात रिंग तुटलेली असू शकते, सिलिंडरला ओरखडे असू शकतात, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, आणि चालवत राहिलात तर दुरुस्ती बोअरपर्यंत जाते. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून सिलिंडरची भिंत बघा, हल्ली मोबाईलला जोडायचे स्वस्त मिळतात. उभे ओरखडे दिसले तर हेड उघडायचं. उघडताना गॅस्केट आधी मागवून हातात ठेवा, कारण पुण्यात आउटबोर्डचे पार्ट दुकानात सहज मिळत नाहीत, बऱ्याचदा मुंबईहून येतात आणि उघडं इंजिन तोपर्यंत धूळ खात पडतं. पिस्टनवरचा कार्बन लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने नाही, ॲल्युमिनियमला चरे पडतात आणि पुढचा कार्बन त्या चऱ्यातच धरतो. हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळा.